बेअरबोचा पहिला क्लास आणि माझा डावा हात

मागच्या रविवारी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा धनुष्य नीट धरायला शिकले, आणि आज बुधवार आला तरी डोक्यातनं ते जात नाहीये, ऑफिसात बसून पण हात आपोआप अँकरला, म्हणजे दोरी ओढून टेकवायच्या ओठाच्या कोपऱ्याला, जातोय, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. आर्चरीचा क्लास, तोही बेअरबो, म्हणजे नेम धरायचं साधन (साइट) नसलेल्या उघड्या धनुष्याचा, तोही एकटीसाठी प्रायव्हेट, आणि वय त्रेचाळीस. ज्यांना असं काहीतरी करावंसं वाटतंय पण अडतंय त्यांच्यासाठी जरा सविस्तरच लिहिते.

सुरुवात खरं तर तीन वर्षांपूर्वीची आहे. आम्ही सगळे एका रिसॉर्टवर गेलो होतो, नाव नको सांगायला, तिथं झिपलाइन, रायफल आणि धनुष्यबाण असं सगळं पॅकेजमध्ये होतं. मला लहानपणापासून धनुष्यबाणाचं वेड, फार म्हणजे फार, त्यामुळे बाकी सगळे झिपलाइनला पळाले आणि मी इकडे. पाच बाण मिळाले, पाचही टार्गेटच्या डावीकडनं निघून गेले, कधी जवळनं कधी लांबनं असे नव्हे तर अगदी सारख्याच अंतरानं, प्रत्येक वेळी तेवढेच डावीकडं. तिथला माणूस म्हणाला, मॅडम तुमचा हात हलतोय, हे लेडीज लोकांना जरा अवघडच असतं. मी काही बोलले नाही, पण ते टोचलं, आणि जास्त टोचलं ते हे की मला माहिती होतं हात हलत नव्हता. हात हलला असता तर बाण इकडेतिकडे पसरले असते ना, एकाच जागी कसे गेले असते? पण मला उत्तर माहिती नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं.

ते उत्तर मला रविवारी मिळालं.

आमच्या कोल्हापुरात कळंब्याच्या पुढं एकजण शिकवतात असं आमच्या इथल्या एकीकडनं कळलं, तिचा मुलगा जातो. संध्याकाळची बॅच सगळी शाळेच्या पोरांची असते, आठ ते चौदा वयाची, त्यांच्यात जाऊन उभं राहायला मला अडचण नव्हती पण सरच फोनवर म्हणाले, ताई तुम्ही सकाळी एकट्या या, पोरांच्यात तुमच्याकडं लक्ष देणं होत नाही, आणि मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी चुकीची सवय लागली की ती काढायला लई त्रास होतो. दीड तासाचे सातशे. मी त्यांना सर म्हणते, वयानं ते माझ्या धाकट्या भावाहून लहान आहेत, पण शिकवणारा तो सर, एवढं आपल्याकडं ठरलेलं आहे.

साडेसहाला राजारामपुरीतनं गाडी काढली. जानेवारीतली थंडी, कळंबा तलावावर धुकं, पुढं उसाच्या ट्रॉल्या, आणि एका वळणावर गुऱ्हाळाचा तो वास आला, काहिलीत रस उकळतानाचा, त्या वासानं पोटातली धाकधूक जरा कमी झाली. रेंज म्हणजे उसाच्या फडाला लागून एक लांबोळकी मोकळी जागा, टोकाला टार्गेट बट, म्हणजे बाण रुतायचा फोमचा ठोकळा, त्याच्या मागं जाळी आणि जाळीमागं मातीचा उंच बांध. एवढंच. पण जमीन झाडून काढलेली, शूटिंग लाइन चुन्यानं आखलेली, धनुष्यं स्टँडवर ओळीनं. बघूनच बरं वाटलं.

मला वाटलं आता धनुष्य हातात देतील, पण पहिली पंधरा मिनिटं धनुष्याला हातच लावू दिला नाही. सर म्हणाले, दोन्ही हात समोर लांब करा, दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये लहान तिकोनी भोक करा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातनं ती पलीकडच्या घरावरची पाण्याची टाकी बघा. बघितली. आता टाकीवरची नजर न काढता हात हळूहळू चेहऱ्याकडं आणा. आणले, आणि हात आपोआप डाव्या डोळ्यावर येऊन थांबले. परत करायला लावलं. परत डाव्यावर. मग हात लांब असतानाच डावा डोळा मिटायला सांगितला, तर टाकी गायब, भोकात नुसतं आभाळ. उजवा मिटला तर टाकी जागच्या जागी.

"ताई, तुमचा डावा डोळा मालक आहे," सर म्हणाले. "आधी कुठं धनुष्य मारलंय का?"

मी रिसॉर्टची गोष्ट सांगितली. ते मध्येच म्हणाले, सगळे डावीकडं गेले असतील. मी म्हटलं हो, तुम्हाला कसं कळलं?

मग त्यांनी मातीत काडीनं रेघा मारून दाखवलं आणि ते मला इतकं आवडलं की इथं सांगायलाच पाहिजे. उजव्या हातानं दोरी ओढली की बाणाचा मागचा भाग उजव्या डोळ्याखाली येतो. पण आपला मेंदू बघतोय डाव्या डोळ्यानं. मग काय होतं, आपण बाणाचं टोक डाव्या डोळ्याच्या रेघेत आणायला जातो, म्हणजे टोक डावीकडं सरकतं आणि शेपटी उजवीकडंच राहते, बाण तिरका होतो, आणि आपल्याला मात्र वाटतं एकदम सरळ धरलाय. डोळ्याडोळ्यातलं अंतर जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर, पण दहा मीटरवर त्याचं दोन-अडीच फूट होतं. म्हणजे माझा नेम बरोबर होता, हात स्थिर होता, फक्त धनुष्य चुकीच्या बाजूचं होतं. तीन वर्षं मनात ठेवलेली गोष्ट अशी मातीतल्या दोन रेघांनी सुटली, मला खरंच भरून आलं जरा.

सरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, उजव्या हातानंच मारायचं आणि डावा डोळा मिटायचा किंवा त्याच्यावर झाकण लावायचं. दुसरी, हात बदलायचा, धनुष्य उजव्या हातात आणि दोरी डाव्या हातानं. साइटवाल्या धनुष्याला पहिली वाट कशीबशी चालून जाते, पण बेअरबोला साइटच नसते, बाणाचं टोक हीच साइट, त्यामुळे बाण बघणाऱ्या डोळ्याच्या खालीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही नवीन आहात, सवय कुठलीच नाही, आत्ताच बदला. डाव्या हातानं काही करता का?"

आता यावर काय सांगायचं. मी जन्मानं डावरी. आजी होती तोवर घरात डाव्या हातानं जेवायला, प्रसाद घ्यायला, कुणाला पैसे द्यायला बंदी, पहिलीत बाईंनी पेन्सिल उजव्या हातात दिली ती कायमची. त्यात त्यांचं वाईट मनात काही नव्हतं, तेव्हा सगळीकडं तसंच होतं. आज मी लिहिते उजव्या हातानं, जेवते उजव्या हातानं. पण भाकरी थापताना माझा डावा हात फिरतो, आणि लहानपणी मंगळवार पेठेतल्या वाड्यामागं चिंचा पाडायला दगड मारायची ते डाव्या हातानं, तिथं कुणी बघत नसायचं. हे सगळं मी सरांना सांगितलं नाही, फक्त म्हटलं, थोडंफार करते.

बॅचमध्ये एक मुलगा डावरा आहे, त्याच्यासाठी आणलेला लेफ्ट हँडचा रायझर होता म्हणून बरं झालं, नाहीतर डाव्या हाताचं सामान लवकर मिळत नाही. रायझर म्हणजे मधला पकडायचा भाग, त्याला खालीवर दोन लिंब्स बसतात, उजव्याचा आणि डाव्याचा रायझर वेगळा असतो कारण बाण बसायची खाच उलट बाजूला. आधी बाकीची पोरं त्या मुलाला चिडवायची म्हणे. मग सरांनी सगळ्यांना बसवून विचारलं, अर्जुनाला सव्यसाची का म्हणतात? सव्य म्हणजे डावा, डाव्या हातानंही बाण मारणारा तो सव्यसाची. त्या दिवसापासनं चिडवणं बंद आणि उलट पोरं डाव्या हातानं मारून बघायला लागली. हे ऐकून मला तो मुलगा न बघताच माझा वाटला.

बेअरबो म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण मला पण आधी नीट माहिती नव्हतं. ऑलिंपिकमध्ये आपण बघतो ते रिकर्व्ह, त्याला नेम धरायला साइट असते, पुढं लांब दांड्या असतात त्या स्टॅबिलायझर, आणि बाण पुरता ओढला की टिक वाजणारा क्लिकर. बेअरबोमध्ये यातलं काहीच नाही. धनुष्य तसंच रिकर्व्हचं, पण उघडं. खालच्या बाजूला वजन लावायला परवानगी आहे, पण दोरी काढलेलं धनुष्य सगळ्या वस्तूंसकट 12.2 सेंटिमीटरच्या रिंगमधनं पार झालं पाहिजे असा वर्ल्ड आर्चरीचा, म्हणजे जागतिक संघटनेचा, नियम आहे, म्हणजे लांब काही लावायची सोयच नाही. मैदानी स्पर्धेत अंतर 50 मीटर, इनडोअरला 18. आपल्याकडं इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात बांबूची धनुष्यं असतात त्यालाही साइट नसते, सर स्वतः त्याच्यावरच शिकले, म्हणून त्यांचा बेअरबोवर जीव.

साताऱ्याचा विषय निघालाच. 2023 ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पण, तो साताऱ्यातच सराव करायचा. फलटणकडचा प्रवीण जाधव टोकियोला खेळला. अदिती आणि ओजसचं कंपाउंड, त्याला चाकं आणि भिंग असतं, ते वेगळंच यंत्र. मी म्हटलं, कोल्हापूर पण नेमात कमी नाही हां, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि पॅरिसला ब्राँझ आणणारा आमचा राधानगरीकडचा स्वप्निल कुसाळे. सर म्हणाले, ताई ती बंदूक, आता धनुष्यात पण काढू की आपण. किती साधेपणानं म्हणाले ते.

तर प्रत्यक्ष. अठरा पाउंडाचं धनुष्य दिलं. मी म्हटलं हे हलकं वाटतंय. ते म्हणाले, हलकंच पाहिजे, जड धनुष्य घेतलं की माणूस धनुष्याशी भांडण्यातच संपतो, नेम कधी शिकणार? पहिली आणि सगळ्यात कडक सूचना म्हणजे बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही, कध्धीच नाही. बाणात जायची ती ताकद मग लिंब्समध्ये जाते आणि लिंब तडकते.

मग शिट्टी. दोन शिट्ट्या झाल्या की लाइनवर यायचं, एक झाली की मारायचं, तीन झाल्या की बाण आणायला जायचं. आम्ही दोघंच होतो तिथं, तरी दीड तास प्रत्येक वेळी त्यांनी शिट्टी वाजवली. मला हे फार आवडलं. समोरचा एकटा असो की पन्नास, नियम तोच.

उभं राहण्याला सर पवित्रा म्हणतात. माझे बाबा तालमीत जायचे त्यामुळे हा शब्द घरातला. पाय खांद्याएवढे लांब, दोन्ही पायांवर वजन सारखं, पोट आत, खांदे खाली. डाव्या हाताच्या तीन बोटांवर चामड्याचा टॅब, तिन्ही बोटं बाणाच्या खाली, आणि दोरी बोटांच्या पहिल्या पेऱ्यात. अंगठ्याचं काम काहीच नाही. मी दोरी मुठीत धरल्यासारखी आवळत होते तर सर म्हणाले, "दुधाची किटली उचलता तेव्हा कडी आवळता का? बोटं नुसती आकडा करायची, वजन मागचा हात घेतोय." हे एकदम कळलं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर बाबांच्या बरोबर जाऊन भरलेली किटली घरी आणायची मी, कडीचा वळ उठायचा बोटांवर अगदी तिथंच.

पहिले बाण पाच मीटरवरनं, बटावर कागद नाही, नुसता फोम. नेमच धरायचा नाही, फक्त ओढायचं, पहिलं बोट ओठाच्या कोपऱ्यात आणून टेकवायचं, तो अँकर, आणि सोडायचं. सोडायचं म्हणजे बोटं उघडायची नाहीत. मी उघडत होते, फाट्कन, आणि दोरी दर वेळी वेगळी सुटत होती. बोटं सैल सोडायची, दोरी स्वतः निघून जाते, आणि हात मागं मानेला घासत जातो. आणि ओढायचं दंडानं नाही तर पाठीनं, खांद्याच्या मागची पाती मणक्याकडं सरकवत. बाबा त्याला खवाटा म्हणायचे. सरांनी माझ्या पाठीमागं बोट धरलं आणि म्हणाले, हे बोट पाठीत चिमटायचा प्रयत्न करा. चौथ्या-पाचव्या बाणाला झालं एकदा. आवाजच वेगळा आला, बारीक, कोरडा, टप्प असा, आणि मला बघायच्या आधीच कळलं की हा बरोबर गेला.

सहाव्याला दोरी हाताला लागली. दोरीपासून हात वाचवायला बांधतात तो आर्मगार्ड होता पण त्याच्या वर, कोपराच्या आत. डोळ्यात पाणी आलं इतकं लागलं. माझं कोपर आतल्या बाजूनं वर आलेलं. सरांनी भिंतीला हात टेकून पंजा न हलवता फक्त कोपर बाहेर फिरवायला लावलं, दहा वेळा, आणि मगच परत धनुष्य दिलं. नंतर एकदाही लागली नाही.

मग दहा मीटर आणि रंगीत फेस, म्हणजे टार्गेटचा गोलगोल रंगांचा कागद. मधला पिवळा 10 आणि 9, मग लाल, निळा, काळा, पांढरा. आता टोक पिवळ्यावर ठेवा म्हणाले. ठेवलं, सोडलं, बाण बटाच्या वरनं थेट जाळीत. दुसरा पण. तिसरा पण. पण यावेळी एक गोष्ट बदललेली होती, डावीउजवीकडं अजिबात नाही, तिन्ही एका उभ्या रेघेत. मी सरांकडं बघितलं, ते हसत होते.

बाण डोळ्याच्या खाली आहे ना, म्हणून टोक जवळच्या टार्गेटवर ठेवलं की बाण मुळात वर तोंड करूनच असतो. मला वाटलं टोक खाली जमिनीवर धरायचं. तसं मारणारे पण असतात, पण सरांनी स्ट्रिंगवॉकिंग शिकवलं, म्हणजे नेम पिवळ्यावरच ठेवायचा आणि बोटं दोरीवरनं खाली न्यायची. बोटं जेवढी खाली तेवढी बाणाची शेपटी डोळ्याच्या जवळ, तेवढा बाण खाली लागतो. किती खाली हे कळायला टॅबच्या कडेला शिवणीचे टाके असतात. टॅब नॉकला, म्हणजे बाणाची शेपटी दोरीत अडकते तिथं, टेकवायचा, टाके मोजून अंगठ्याचं नख त्या टाक्याजवळ दोरीवर रोवायचं, आणि बोटं सरकवून तिथंपर्यंत न्यायची. या सरकवण्याला क्रॉल म्हणतात. प्रत्येक अंतराला प्रत्येकाचा क्रॉल वेगळा, चेहरा वेगळा, धनुष्य वेगळं, हात वेगळा. पुस्तकात मिळत नाही, आपला आपण शोधायचा.

दहा टाके, बाण पांढऱ्यात वर. तेरा, निळ्यात. पंधरा. सोळा. मी आईकडं भरतकाम शिकलेय, टाके मोजायची बोटांना सवय आहे, त्यामुळे हे काम मला जवळचं वाटलं, थंडीत बोटं बधिर झाली होती तरी नखाला प्रत्येक टाका लागत होता. सतराव्या टाक्यावर बाण लालमध्ये, पिवळ्याच्या कडेला चिकटून. सर म्हणाले, आता हलवू नका, याच टाक्यावर सहा मारा, आणि बाण गेल्यावर लगेच मान वळवून बघू नका, धनुष्याचा हात तिथंच राहू दे.

एक शिट्टी. नख सतराव्या टाक्यावर. बोटं खाली, आकडा. धनुष्य वर, खांदा खाली. ओठाच्या कोपऱ्यात बोट. बाणाचं टोक समोर स्पष्ट आणि पिवळा जरा धूसर, सरांनी सांगितलं होतं तसंच. पाठ. आणि मग तो क्षण जिथं आपण सोडलं की सुटलं ते कळत नाही. फडात कुठंतरी टिटवी ओरडत होती, ती सहाही बाण संपेपर्यंत मला ऐकूच आली नाही.

तीन शिट्ट्या. चालत जायचं, पळायचं नाही. एक पिवळ्यात नऊवर, तीन लालमध्ये, एक निळा, एक काळा. बेरजेपेक्षा मला ते एकमेकांजवळ आहेत हेच बघत बसावंसं वाटलं. मी मोबाइल काढला तर सर म्हणाले काढा फोटो, आणि ते बाजूला झाले. मग बाण काढायचं पण शिकवलं, मागं कुणी नाही ना बघायचं, एक हात बटावर दाबून, दुसऱ्या हातानं बाण अगदी बटाजवळ धरून सरळ मागं ओढायचा, वाकवायचा नाही.

घरी आले तर आईनं आधी हात बघितला. कोपराच्या आत हिरवंनिळं झालेलं. काय केलंस म्हणून हळद लावायला बसली, आणि लावता लावता विचारलं, दोरी कुठल्या हातानं ओढलीस? मी म्हटलं डाव्या. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तू वाड्यामागं डाव्या हातानं चिंचा पाडायचीस ना, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघायची. आजीला कधी सांगितलं नाही मी.

मला हे माहितीच नव्हतं. पस्तीस वर्षं झाली असतील त्याला.

सरांनी निघताना एका चिठ्ठीवर लिहून दिलंय, दहा मीटर, सतरा टाके. ती मी पाकिटात ठेवलीय. पुढच्या रविवारी परत सात वाजता, त्या मुलाचा रायझर शनिवारी संध्याकाळी मोकळा करून ठेवतो म्हणालेत, आणि जमलं तर पंधरा मीटरचा क्रॉल शोधायचाय. मी घरी एक जुनी सायकलची ट्यूब कापून घेतलीय, ती धनुष्यासारखी ओढून रोज सकाळी तीस वेळा अँकर करते, डाव्या हातानं, चहा उकळेपर्यंत.